अंड्याच्या टरफलावरून कोंबडीचं कूळ

बालाघाटच्या बाजारात अंड्यांचे तीन भाव चालतात. फार्मच्या पांढऱ्या अंड्यांचा एक, टोपलीत भुशावर मांडलेल्या 'देसी' अंड्यांचा दुसरा, आणि विक्रेता जी स्वतःच्या हातात धरूनच दाखवतो त्या 'कडकनाथ' अंड्यांचा तिसरा. हा तिसरा भाव पहिल्याच्या कितीतरी पट असतो. घरात बाळंतीण असेल, कुणी दुखण्यातून उठलं असेल, तर माणूस भावाकडे फार बघत नाही. "असली है, भाभी," एवढ्या हमीवर नोटा पाकिटातून बाहेर येतात.

अंडं बघून असली-नकली ओळखता येतं का? येत नाही. कडकनाथ कोंबडी पिसं, कातडी, मांस, अगदी हाडांपर्यंत काळी असते, पण तिचं अंडं काळं नसतं. ते फिकट तपकिरी किंवा सायीच्या रंगाचं, कधी किंचित गुलाबी झाक असलेलं आणि फार्मच्या अंड्यापेक्षा लहान असतं. आतला बलक नेहमीसारखा पिवळाच. मोबाइलवर फिरणारे काळ्याकुट्ट अंड्यांचे फोटो रंगकाम समजावेत. काळ्या टरफलाचं अंडं जगातली कोणतीही कोंबडी घालत नाही. कोंबडीच्या अंगातला काळेपणा मेलॅनिनचा असतो आणि टरफलाचा तपकिरी रंग प्रोटोपोर्फिरिन नावाच्या निराळ्याच द्रव्याचा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. त्यामुळे फिकट तपकिरी अंडं कडकनाथचं असू शकतं, शेजारच्या गावरान कोंबडीचं असू शकतं, आणि पिंजऱ्यातल्या संकरित कोंबडीचंही असू शकतं.

मग खाऊन झाल्यावर उरलेल्या टरफलातून डीएनए काढून कोंबडीची जात ठरवता येईल का? या प्रश्नाचा अर्धा भाग शास्त्रज्ञांनी केव्हाच सोडवला आहे. उरलेला अर्धा अजून आपल्या परसात अडकलेला आहे.

चुन्याच्या भिंतीत आई

टरफल म्हणजे चुना, असं आपण समजतो आणि ते बरंचसं खरंही आहे. सुमारे ९५ टक्के टरफल कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, म्हणजे संगमरवराच्याच नात्यातलं. पण हा चुना नुसता थापलेला नसतो. प्रथिनांच्या एका बारीक जाळ्यावर त्याचे स्फटिक उभे राहतात, आणि त्या जाळ्यातच आपल्याला हवी असलेली गोष्ट अडकून बसते.

अंडं तयार व्हायला जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. बलक अंडाशयातून सुटतो आणि अंडनलिकेच्या तोंडाशी पाव तासच थांबतो. कोंबड्याशी संयोग झालेला असेल तर फलन तिथेच होतं. पुढे साधारण तीन तास त्याच्याभोवती पांढरा साठत जातो. त्यानंतर तासाभरात दोन पापुद्रे चढतात. उकडलेलं अंडं सोलताना जो नखाला चिकटून वैताग देतो तोच पापुद्रा. शेवटी अंडं कवचग्रंथीत पोचतं आणि तिथे वीसेक तास मुक्काम करतं. टरफल चढतं ते इथे.

या सगळ्या प्रवासात अंडनलिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशी झडत असतात. आपल्या तोंडाच्या आतली कातडी झडते तशाच. त्यांतल्या काही पेशी टरफलाच्या जाळ्यात सापडतात आणि वर चुना चढत गेला की तिथेच बंद होतात. प्रत्येक पेशीत त्या कोंबडीचा डीएनए असतो. म्हणजे टरफलाच्या चुन्यात जो डीएनए मिळतो तो अंड्यातल्या संभाव्य पिल्लाचा नसतो, अंडं घालणाऱ्या आईचा असतो. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे आणि काही ठिकाणी अडचणही करणार आहे, म्हणून लक्षात असू द्या.

टरफलात डीएनए टिकतो तरी किती? याचं उत्तर कोंबडीने नाही, शहामृगाने दिलं आहे, आणि तेही आपल्या भागातल्या.

पाटण्याचं शहामृग

भारतात शहामृग होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटणे गावी पुरातत्त्व खात्याच्या श. अ. साळी यांनी १९७२-७३ च्या सुमारास उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे मिळाले. त्यांतल्या एकावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली होती. काळ, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. (हे तेच पाटणे, जिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे. एका गावाच्या वाट्याला किती यावं!) इकडे मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहांतही शहामृगाच्या टरफलाचे मणी सापडले. या गुहा १९५७ मध्ये उजेडात आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर मूळचे नीमचचे, म्हणजे आपल्यासारखेच मध्य प्रदेशातले मराठी.

पण टरफल जाड आहे, त्यावरची छिद्रं शहामृगासारखी आहेत, एवढ्यावरून 'हे शहामृगच' असं छातीठोक कसं म्हणायचं? ते काम डीएनएने केलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि आयआयटी रुरकीतल्या संशोधकांनी राजस्थान व मध्य प्रदेशात मिळालेल्या टरफलांच्या तुकड्यांमधून डीएनए काढण्याचा प्रयत्न केला. २०१७ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हाती आला तो मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा ४३ अक्षरांचा एक तुकडा. फक्त ४३! कोंबडीच्या पूर्ण जनुकसंचात सुमारे शंभर कोटी अक्षरं असतात, त्या मानाने हे म्हणजे एखाद्या मोठ्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकातली एक ओळ. पण ती ओळ आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळली. किमान २५,००० वर्षं आपल्याकडचं ऊन आणि पावसाळे खाऊनही ती टरफलात शिल्लक होती.

त्याआधी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मर्डॉक विद्यापीठाच्या शार्लट ऑस्कम, मायकेल बन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या टरफलांतून डीएनए काढायची पद्धत बसवून दाखवली होती. न्यूझीलंडचा नामशेष झालेला मोआ, मादागास्करचा हत्तीपक्षी आणि १९,००० वर्षांपूर्वीचं एमू यांच्या टरफलांतून त्यांना डीएनए मिळाला. उष्ण प्रदेशात हाडांतला डीएनए लवकर नासतो. टरफलाचं तसं होत नाही, कारण चुन्याच्या घट्ट स्फटिकांत पाणी आणि जिवाणू सहज शिरत नाहीत. २०२३ मध्ये हत्तीपक्ष्याच्या टरफलांतूनच त्या पक्ष्याची एक नवी शाखा ओळखली गेली.

हजारो वर्षांपूर्वीच्या टरफलातून आई ओळखता येते, तर गेल्या रविवारी फोडलेल्या अंड्याच्या टरफलातून नक्कीच येईल. इथवर शंका नाही.

व्हिनेगरची वाटी आणि प्रयोगशाळेची नळी

मुलांना सुट्टी असेल तर हा प्रयोग घरी करून बघा. काचेच्या पेल्यात कच्चं अंडं ठेवून वर ते बुडेल एवढं व्हिनेगर ओता. लगेच बुडबुडे सुटायला लागतील; चुना विरघळताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्याचे हे बुडबुडे. चोवीस तासांनी व्हिनेगर बदला. दुसऱ्या दिवशी टरफल गायब आणि हातात पापुद्र्यातलं लिबलिबीत, अर्धपारदर्शक अंडं. पिवळा बलक आतून फिरताना दिसतो. खाली वाटी धरूनच उचला, कारण फुटलं तर फरशी कोण पुसणार यावरून वाद होतो. आणि नंतर ते खाऊ नका.

प्रयोगशाळेतही चुना विरघळवायचाच असतो, पण तिथे व्हिनेगर चालत नाही. आम्लाने चुन्याबरोबर डीएनएचीही मोडतोड होते. त्याऐवजी ईडीटीए नावाचं रसायन वापरतात. ते कॅल्शियमचे कण एकेक करून पकडून ठेवतं आणि डीएनएला धक्का लावत नाही. आधी टरफलाचा बाहेरचा पृष्ठभाग ब्लीचने स्वच्छ करावा लागतो, कारण तिथे काय नसतं? कोंबडीची विष्ठा, खुराड्यातली माती, त्याच ट्रेमधल्या दुसऱ्या अंड्यांचा स्पर्श, विक्रेत्याचा हात आणि भाव करताना चाचपून बघणारे आपले चार हात. ते सगळं काढून टाकल्यावर टरफलाची पूड करतात, ती ईडीटीएमध्ये भिजवतात, प्रथिनं पचवणारं विकर घालून कोमट तापमानाला ठेवतात. मग सुटा झालेला डीएनए सिलिकाच्या बारीक चाळणीवर चिकटवून धुऊन घेतात. धुणं नीट झालं पाहिजे. कॅल्शियम उरलं तर पुढचं काम अडतं, आणि खुद्द ईडीटीए उरलं तरीही अडतं. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्रातल्या विकराला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेही पकडून बसतं. एका अंड्याचं टरफल पाच-सहा ग्रॅमचं असतं. त्यातला थोडासा भाग पुरतो.

ज्यांना एवढा खटाटोप नको ते नुसता आतला पापुद्रा घेतात. तोही आईकडूनच आलेला असतो, आणि ताज्या अंड्यात त्यातून डीएनए काढणं सोपं जातं.

भाषा ओळखणं निराळं, बोली ओळखणं निराळं

खरी अडचण इथून सुरू होते. डीएनए मिळाला म्हणजे जात कळली, असं होत नाही.

शहामृग की कोंबडी, हा प्रश्न प्रजातीचा आहे आणि त्याला ४३ अक्षरं पुरली. कडकनाथ की गावरान, हा प्रश्न एकाच प्रजातीतल्या दोन जातींचा आहे. बालाघाटकरांना हा फरक चटकन समजेल. कुणी गोंडी बोलतोय की मराठी, हे एका वाक्यात कळतं. पण बोलणारा झाडीबोलीतला आहे की वऱ्हाडातला, की घरी पोवारी बोलणारा आहे, हे एका शब्दावरून सांगता येत नाही. बरेचसे शब्द सगळीकडे सारखेच. पुष्कळ बोलणं ऐकावं लागतं, कोणता शब्द कुठे किती वापरतात हे ठाऊक असावं लागतं, आणि त्यासाठी आधी त्या त्या गावात जाऊन बसलेलं असावं लागतं. मगही उत्तर 'बहुधा साकोलीकडचा' असंच येतं.

कोंबड्यांच्या जातींचं तसंच आहे. मायटोकाँड्रियाचा डीएनए पेशीत भरपूर प्रतींत असतो, म्हणून टरफलातून तो सर्वांत सहज मिळतो. पण जात सांगायला तो फारसा उपयोगाचा नाही. माणसांनी तलंगा बाजारात विकत घेतल्या, सासर-माहेरच्या वाटेवर टोपलीतून नेल्या. त्यामुळे आयांच्या त्याच ओळी अनेक जातींत पसरल्या आहेत. त्याऐवजी मुख्य जनुकसंचातल्या अनेक जागा तपासाव्या लागतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि ती किती वेळा येतात हे कोंबडीगणिक बदलतं. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने कोंबड्यांच्या विविधतेच्या अभ्यासासाठी अशा ३० जागांची शिफारस केलेली आहे. या जागांवरचे आकडे मिळाले की ते आधीपासून ठाऊक असलेल्या जातींच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. जुळवणी नेहमी शक्यतेच्या भाषेत बोलते.

जपानमध्ये हे प्रत्यक्ष वापरलं गेलं. तिथली 'नागोया कोचीन' ही महाग विकली जाणारी कोंबडी. आइची प्रांतातल्या संशोधकांनी तिच्यासाठी मोजक्या मायक्रोसॅटेलाइट जागा निवडल्या आणि त्यांवरून बाजारातलं मांस खरं नागोया कोचीनचं आहे का, हे तपासता येऊ लागलं. ते जमलं, कारण ती जात अनेक पिढ्या बंदिस्त ठेवलेली होती, तिच्या नोंदी होत्या, आणि तुलनेसाठी हवे तेवढे नमुने हाताशी होते.

कडकनाथच्या बाबतीत कुणी म्हणेल, एवढं कशाला, काळेपणाचं जनुकच तपासा. सोपं वाटतं. या काळेपणाला फायब्रोमेलॅनोसिस म्हणतात. कोंबडीच्या २० क्रमांकाच्या गुणसूत्रावरचे दोन मोठे तुकडे, सुमारे १ लाख २७ हजार आणि १ लाख ७० हजार अक्षरांचे, दुप्पट होऊन उलटसुलट जोडले गेले आहेत. पहिल्या तुकड्यात ईडीएन-३ हे जनुक आहे. ते जास्त चालायला लागलं की रंगपेशी अंगभर पसरतात. हे जोड पीसीआरने ओळखता येतात, टरफलातल्या डीएनएवरही.

पण २०२३ मध्ये आपल्याच भोपाळच्या आयसर संस्थेतल्या नागार्जुन विजय यांच्या गटाने कडकनाथचा हा भाग बारकाईने तपासून प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं: कडकनाथमधली ही उलथापालथ आणि चीनच्या सिल्की वगैरे इतर काळ्या हाडांच्या कोंबड्यांमधली उलथापालथ एकाच घडणीची आहे. म्हणजे हा बदल एकदाच झाला आणि तिथून सगळीकडे गेला. झाबुआच्या भिल्लांच्या अंगणात आणि चीनमधल्या खेड्यात फिरणाऱ्या काळ्या कोंबडीचा काळेपणा एकाच मूळ पक्ष्याकडून आलेला. माझ्या मते कडकनाथबद्दलची ही सगळ्यात सुंदर माहिती आहे. अंडं विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती निराश करणारी, कारण हे जनुक 'काळी' एवढंच सांगतं, 'कडकनाथ' सांगत नाही. शिवाय ते प्रभावी जनुक आहे. आईबापांपैकी एकाकडूनच मिळालं तरी कोंबडी काळपट होऊ शकते.

आणि असे संकर आपल्याकडे आहेतच, तेही सरळमार्गी. जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने 'नर्मदा निधी' नावाची परसातली कोंबडी तयार केली. तिच्यात चौथाई वाटा कडकनाथचा आणि तीन चौथाई 'जबलपूर कलर'चा. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आगेमागे अंडी देते, त्यात गरीब घराचं भागत नाही; म्हणून जास्त अंडी देणारी आणि तरी परसात टिकणारी कोंबडी हवी होती. यात फसवणूक कुठेच नाही. फसवणूक होते ती अशा कोंबडीचं अंडं बाजारात येताना नाव बदलतं तेव्हा. ती पकडायची तर एक जनुक पुरणार नाही, अनेक जागा तपासून कडकनाथचा वाटा किती, हे मोजावं लागेल.

आता त्या 'आईचा डीएनए' मुद्द्याकडे. खायच्या अंड्यापुरतं बोलायचं तर टरफल पुरेसं आहे, आई कोण ते कळलं की झालं. पण पिल्लं काढण्यासाठी अंडी विकत घेणाऱ्याचं काय? कडकनाथ कोंबडी, कळपात एखादा पांढरा लेगहॉर्न कोंबडा, आणि त्यांचं फळलेलं अंडं. टरफल शपथेवर सांगेल 'कडकनाथ', आणि एकवीस दिवसांनी बाहेर येणारं पिल्लू असेल मिश्र. बापाचा पत्ता टरफलाच्या चुन्यात कुठेच नसतो. गंमत अशी की पिल्लू बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या टरफलात तो सापडतो. वाढणाऱ्या गर्भाच्या रक्तवाहिन्या आतल्या बाजूला पसरलेल्या असतात, त्यांचे वाळलेले धागे टरफलाला चिकटून राहतात. त्यांत पिल्लाचा डीएनए, म्हणजे आई आणि बाप दोन्ही. रानातल्या पक्ष्यांना न पकडता त्यांचा अभ्यास करणारे लोक घरट्याखाली पडलेली टरफलं गोळा करतात ती म्हणूनच.

आणखी एक. ट्रेमधल्या तीस अंड्यांतलं एक तपासलं तर एका कोंबडीबद्दल कळतं. बाकीच्या एकोणतिसांबद्दल विक्रेत्याच्या शब्दावरच राहावं लागतं.

डीएनएला गाव कळत नाही

२०१८ मध्ये कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तीसगडने दंतेवाड्यासाठी दावा केला होता, पण मान झाबुआला गेला. ते मानांकन नीट वाचलं तर दोन गोष्टी दिसतात. एक, ते झाबुआच्या कडकनाथच्या मांसाचं आहे, अंड्याचं नाही. दोन, ते जागेला बांधलेलं आहे. झाबुआहून आणलेली अस्सल कडकनाथ बैहरच्या परसात वाढवली, तर तिच्या डीएनएमध्ये एका अक्षराचाही फरक पडणार नाही, आणि तरीही तिला 'झाबुआ कडकनाथ' म्हणून विकता येणार नाही. आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये मानांकन मिळालं तेव्हा हाच नियम आपल्या बाजूचा होता, हेही विसरू नये.

आणि काही फसवणुकी डीएनएच्या आवाक्याबाहेरच्या असतात. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीचं कडकनाथ प्रकरण महाराष्ट्रभर गाजलं. शेतकऱ्यांना पिल्लं द्यायची, पैसे भरून घ्यायचे, अंडी आणि कोंबड्या आम्हीच परत विकत घेऊ असं सांगायचं. खरेदी थांबली, आणि हजारो शेतकऱ्यांच्या हातात न विकली जाणारी अंडी आणि खाद्याची बिलं राहिली. तिथे कोंबडी खरी होती की खोटी, हा मुद्दाच नव्हता. करार खोटा ठरला.

म्हणून मला टरफलाच्या डीएनएचा खरा उपयोग बाजारातल्या चोराला पकडण्यात फारसा दिसत नाही. तो खर्चीक आहे आणि एका अंड्यासाठी कुणी करणारही नाही. उपयोग दुसरीकडे आहे.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यांतली जवळजवळ ३२ कोटी परसातली. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था देशी जातींची नोंद ठेवते, त्यात कोंबड्यांच्या जाती वीसच्या आसपास. मध्य प्रदेशच्या नावावर कडकनाथ. महाराष्ट्राच्या वाट्याला गुजरातबरोबर सामाईक अशी बुसरा, नंदुरबारकडची. त्याच नवापूर भागात २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आला आणि कोंबड्या सरसकट माराव्या लागल्या. उरलेल्या कोट्यवधी परसातल्या कोंबड्यांना कागदोपत्री नाव नाही. त्या 'अवर्णित' या एका शब्दात मोडतात. या शब्दाखालून जनावरं बाहेर काढण्यासाठी याच संस्थेने २०२१ मध्ये एक देशव्यापी मोहीम सुरू केली.

बैहर, परसवाडा, लांजीकडच्या बैगा आणि गोंड घरांतल्या कोंबड्या याच अवर्णितांत आहेत. कान्हाच्या सालवनात लाल रानकोंबडा आजही आरवतो, आणि गाव रानाला लागून असेल तर तो कधीतरी गावातल्या कळपात मिसळतो. झुंजीसाठी ठेवलेल्या असीलचं रक्त कोंबडबाजारांमुळे भंडारा-गोंदियापासून इकडे फिरलेलं. वर गेल्या काही वर्षांत योजनांतून वाटलेली संकरित पिल्लं. या भागाची म्हणून काही वेगळी कोंबडी आहे का, की सगळं एकमेकांत मिसळून गेलं, हे डीएनएने सांगता येण्याजोगं आहे. आणि 'हे अंडं खऱ्या गावरान कोंबडीचं का' या बाजारातल्या प्रश्नालाही उत्तर मिळेल ते अशा नमुन्यांचा संच तयार झाल्यावरच. आज इथल्या टरफलातून डीएनए काढला तर त्याची तुलना करायला इथलं काही नसतं.

कोंबडीचं रक्त घ्यायचं म्हटलं की म्हातारी आजी कोंबडी घेऊन घरामागे जाते, आणि तिचं बरोबरच आहे. सुई टोचलेली कोंबडी खुडूक मोडेल, अंडी थांबतील, ही भीती असते. टरफल मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. ते एरवी तुळशीच्या कुंडीत किंवा उकिरड्यावरच जाणार असतं.

ते मागायचं तर असं. पिल्लं निघाली की त्याच दिवशी टरफलाचे मोठे तुकडे चिमट्याने उचलावेत, आतला पापुद्रा आणि लालसर धागे तसेच राहू द्यावेत. धुऊ नयेत. सावलीत पूर्ण वाळवावेत, कारण ओल राहिली की बुरशी येते आणि मग उरतो तो बुरशीचा डीएनए. प्रत्येक अंड्याचं टरफल वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. पाकिटावर पेन्सिलीने गाव, तारीख, कोंबडीचा रंग, पायांचा रंग, तुरा एकेरी की गुलाबासारखा, आणि कोंबडी त्या घरात कुठून आली ते लिहावं: आईकडून, बाजारातून, की योजनेतून. पेन्सिलीनेच, कारण शाई पावसाळ्यात पसरते.